पान पंचावन्न

‘‘सावधान!’’ हत्तरगे सर ओरडले, आणि मैदानावरच्या आमच्या आठ जणांनी जागच्या जागी टाचा जुळवल्या.

नववा मी. मी कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून पिचरचा बॉल झेलणारा. उकिडव्या माणसाला टाचा जुळवता येत नाहीत, म्हणून सरांनी मला सवलत दिली होती. बसल्या जागी मान ताठ ठेवायची आणि नजर समोर क्षितिजावर. मी ठेवली.

मांडवातली मंडळी हसली. बेसबॉलच्या सामन्यात ऐन मोक्याला एक टीम झेंडावंदनाला उभी राहावी तशी का उभी राहते, हे त्यांना कळत नव्हतं. ते आम्हालाही कळत नव्हतं, पण आम्हाला सवय होती.

आंतरविभागीय स्पर्धेची फायनल होती. आम्ही बोरसांगवी कॉलेज, समोर येडोळा कॉलेज. शेवटचा डाव चाललेला. आमचे सहा रन, त्यांचे पाच. त्यांचे दोन गडी बाद, तिसऱ्याला डाव संपणार, एक धावणारा पहिल्या बेसवर, एक दुसऱ्या बेसवर. फलंदाजाचे दोन स्ट्राइक होऊन गेलेले. तिसऱ्यांदा त्याची बॅट हुकली की तो बाद, सामना आमचा, ढाल आमची आणि हत्तरगे सर कायम.

ढालीचं मला फारसं नव्हतं. सर कायम व्हायला हवे होते. शिवलिंग हत्तरगे हे आमच्या कॉलेजात सहा वर्षं तासिका तत्त्वावर होते. तासिका तत्त्वावरचा माणूस दर जूनमध्ये नव्यानं जन्माला येतो आणि दर एप्रिलमध्ये वारतो. संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब यांनी त्यांना शब्द दिला होता, ‘‘ढाल आणा, मग तुमचं बघू.’’ अण्णासाहेबांनी अनेकांचं ‘बघू’ म्हटलं होतं, पण पुढे अट घातली होती ती फक्त सरांना, त्यामुळे या बघण्यात तथ्य असावं असा सगळ्या स्टाफचा अंदाज होता. अण्णासाहेब स्वतः मांडवात पहिल्या सोफ्यावर बसले होते. शेजारी टीपॉयवर ढाल आणि त्यांच्या पायाशी हाराची टोपली.

इरण्णानं बॉल टाकला. येडोळ्याच्या फलंदाजानं बॅट फिरवली, ती नुसती वाऱ्यातून गेली. स्ट्राइक तीन! पण बॉल शेवटच्या क्षणी खाली बुडाला, माझी नजर होती क्षितिजावर, आणि बॉल ग्लोव्हच्या कडेला लागून माझ्या पायांमधून मागे गेला तो थेट मांडवात, अण्णासाहेबांच्या सोफ्याखाली.

मी मागे वळूनही पाहिलं नाही. कशाला पाहू? माणूस बाद झाला होता. मी शिरस्त्राण हवेत फेकलं. इरण्णा माझ्याकडे पळत आला. आठही जण सावधान मोडून नाचायला लागले.

एवढ्यात पलीकडून एक आवाज आला, ‘‘पळ बे! पळ! सगळे पळा!’’

तो आवाज येडोळ्याच्या कोठावळे सरांचा होता. आणि बाद झालेला तो फलंदाज चक्क पहिल्या बेसकडे पळत सुटला. पहिल्या बेसवरचा दुसऱ्याकडे, दुसऱ्यावरचा तिसऱ्याकडे. ते आमच्या नाचातून वाट काढत पळत होते. आमच्या गणप्यानं तर एकाला मिठी मारून ‘‘चांगले खेळलात’’ असं सांगितलंही. त्यानं ‘‘थँक्यू’’ म्हटलं, मिठी सोडवली आणि पुढे पळाला. बघता बघता दोघे घरच्या बेसवर पाय ठेवून मोकळे झाले, म्हणजे दोन रन, आणि तेही नाचायला लागले.

त्यांची बाकीची पोरंही आत धावली आणि मैदानावर आता अठरा माणसं नाचत होती.

अम्पायर गवसणे सर मूळचे कबड्डीचे. त्यांनी शिट्टी तोंडात घातली, ती लांबलचक वाजवली आणि जाहीर केलं, ‘‘सामना संपलाय का थांबलाय, हे ठरेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही!’’

इथं मला मागची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सहा वर्षांपूर्वी शिवलिंग हत्तरगे आणि प्रल्हाद कोठावळे हे जिवलग मित्र होते. दोघांनी हैदराबादेत पंधरा दिवसांचं बेसबॉलचं शिबिर केलं. तोवर दोघांनी बेसबॉल पाहिलासुद्धा नव्हता. हत्तरगे खो-खोचे, कोठावळे लांब उडीचे. शिबिरात नियमांचं एकच इंग्रजी पुस्तक होतं आणि ते परत द्यायचं होतं. परतीच्या दिवशी दोघांनी ते झेरॉक्सवाल्याकडे नेलं. झेरॉक्सवाला शिस्तीचा. त्यानं आधी पुस्तकाची सगळी उजवी पानं काढली, मग सगळी डावी, आणि दोन गठ्ठे करून एका पिशवीत घालून दिले. घरी जाऊन पानं लावायची आणि आणखी एक प्रत काढायची, असं ठरलं होतं.

पण सोलापूर यायच्या आत एसटीत बोलता बोलता उघड झालं, की येडोळ्याच्या एकाच जागेसाठी दोघांनीही अर्ज केलाय आणि एकमेकांना सांगितलेलं नाही. स्टँडवर उतरेपर्यंत दोघांची तोंडं दोन दिशांना होती. ‘‘माझं मला दे,’’ एक म्हणाला. ‘‘हे घे तुझं,’’ दुसरा म्हणाला. एकेक गठ्ठा उचलून दोघे दोन फलाटांवर गेले.

घरी जाऊन हत्तरगे सरांनी गठ्ठा सोडला, तर एक, तीन, पाच, सात. कोठावळे सरांकडे दोन, चार, सहा, आठ. विचारायला कोण जाणार? येडोळ्याची जागा कोठावळ्यांना मिळाली, मग तर विचारणं संपलंच.

त्यामुळे आमच्या भागात सहा वर्षं विषम पानांचा बेसबॉल चालला. आजूबाजूच्या सगळ्या कॉलेजांना सरांनीच शिकवला होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. खेळाडू बेसवर कसा पोचतो हे आमच्या पानांवर होतं. तिथून पुढं कसा निघतो हे नव्हतं. आमची पोरं बेसवर पोचली की तिथंच भक्तिभावानं उभी राहत. येडोळ्याकडची पोरं उलट सारखी पळत, कारण थांबायचं कधी ते आमच्याकडे होतं.

आणि पान पंचावन्न. ते पान एका वाक्याच्या मध्येच सुरू व्हायचं. सरांनी ते आम्हाला सगळ्यांना तोंडपाठ करायला लावलं होतं. मी इंग्रजीत दोनदा नापास, पण हे मला आजही येतं. ‘फर्स्ट बेस इज अनऑक्युपाइड, ऑर, फर्स्ट बेस इज ऑक्युपाइड विथ टू आऊट.’ म्हणजे पहिला बेस रिकामा असेल तर, किंवा भरलेला असला तरी दोन जण बाद असतील तर.

‘‘तर काय सर?’’ मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

‘‘तर काहीतरी होतं,’’ सर म्हणाले.

‘‘काय होतं?’’

‘‘ते चोपन्नवर आहे.’’

‘‘मग आपण काय करायचं?’’

सरांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, ‘‘आपण सावध राहायचं.’’

पहिला बेस रिकामा असणं हे रोजचंच. तेव्हा सावध राहायचं म्हटलं तर खेळच व्हायचा नाही, म्हणून सरांनी दुसरीच अट धरली. सर एनसीसीचेही बघत. सावध राहण्याचा त्यांना एकच प्रकार माहीत होता.

तर त्या दिवशी मैदानाच्या मधोमध दोन्ही सर हातभर अंतरावर समोरासमोर उभे राहिले आणि मधे गवसणे सर.

‘‘गवसणे, त्यांना विचारा, बाद झालेला माणूस पळतोच कशाला?’’ हत्तरगे सर म्हणाले.

‘‘गवसणे, त्यांना सांगा, बॉल झेललाच नाही तर बाद कुठला?’’ कोठावळे सर म्हणाले.

‘‘अहो, तुम्हाला दोघांना ऐकू येतंय की ओ एकमेकांचं,’’ गवसणे म्हणाले.

‘‘मला येत नाही, हे त्यांना सांगा.’’

‘‘मलाही येत नाही. पण त्यांना येत नाही हे मला कळलं, असं सांगा.’’

गवसणे सरांनी कपाळाचा घाम पुसला. ‘‘मला दोघांचंही पटतंय,’’ ते म्हणाले. ‘‘म्हणूनच पंचाईत आहे. कुणाकडं लेखी काही आहे का?’’

कोठावळे सरांनी नाडीनं बांधलेला गठ्ठा मागवला. चोपन्न नंबरचं पान काढून गवसण्यांच्या हातात दिलं. गवसण्यांनी ते अंतर राखून, डोळे बारीक करून वाचलं. पानाच्या तळाला नियम होता. तिसरा स्ट्राइक कॅचरनं झेलला नाही, तर फलंदाज बाद न होता धावू शकतो, ‘प्रोव्हायडेड’. म्हणजे, जर. आणि तिथं पान संपत होतं.

‘‘जर काय?’’ गवसण्यांनी विचारलं.

‘‘जर काही का असेना,’’ कोठावळे सर म्हणाले. ‘‘आम्ही नेहमीच पळतो.’’

‘‘असं कसं? अट आहे म्हणजे अट बघायला पाहिजे. पुढचं पान?’’

आयुष्यात पहिल्यांदाच बघितल्यासारखं कोठावळे सरांनी हत्तरगे सरांकडे बघितलं. हत्तरगे सरांनी माझ्याकडे.

‘‘माळगे,’’ सर म्हणाले, ‘‘माझ्या पिशवीतनं गठ्ठा आण.’’

पिशवी बाकाखाली होती. रेक्झिनची, काळी, एक बंद तुटलेला. आत मालिशच्या तेलाची बाटली, एक धुतलेला पांढरा शर्ट आणि गठ्ठा. शर्ट बक्षीस समारंभासाठी होता. घडी मोडू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांत घातलेला.

मी गठ्ठा चाळला. पंचावन्न वर आलं. मी ते मनातल्या मनात म्हटलं. मग त्याच्याआधी चोपन्नचं शेपूट जोडून म्हटलं. आणि दोन वर्षं पाठ असलेलं ते वाक्य मला पहिल्यांदा कळलं.

काहीतरी होतं ते हेच होतं. पहिला बेस भरलेला होता. दोन बाद होते. म्हणजे फलंदाज धावू शकत होता. म्हणजे आम्ही हरलो होतो, आणि तो बॉल माझ्या हातून सुटला होता.

मी त्या शर्टाकडे बघितलं. मग पान पंचावन्न चार घड्या घालून छातीच्या पॅडमध्ये सरकवलं आणि उरलेला गठ्ठा घेऊन परत गेलो.

सरांनी पानं उलटली. एकावन्न, त्रेपन्न, सत्तावन्न. पुन्हा उलटली. त्रेपन्न, सत्तावन्न.

‘‘माळगे, पंचावन्न?’’

‘‘नाही सर.’’

‘‘नाही म्हणजे?’’

‘‘म्हणजे, नाहीच सर त्यात.’’

सर माझ्याकडे बघत राहिले. मी क्षितिजाकडे.

गवसणे सरांचा जीव भांड्यात पडला. ‘‘मग प्रश्नच मिटला!’’ ते म्हणाले. ‘‘पुरावा अर्धा, म्हणून हरकत नामंजूर. बोरसांगवी विजयी!’’ आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

आमची पोरं धावली. इरण्णा आणि गणप्या यांनी सरांना खांद्यावर घेतलं. मांडवात अण्णासाहेब उठून उभे राहिले. टोपलीतला हार बाहेर आला. सर वर डुलत होते, पण हसत नव्हते. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतायत.

‘‘थांबा!’’ सर वरून ओरडले. ‘‘गवसणे, ते शेवटचं पुन्हा वाचा.’’

‘‘आता कशाला? जिंकलात तुम्ही.’’

‘‘वाचा हो!’’

गवसण्यांनी वाचलं. ‘‘...प्रोव्हायडेड.’’

आणि खांद्यावर बसलेल्या सरांनी, दोन्ही हात शिवणीला लावून, खणखणीत आवाजात म्हटलं, ‘‘फर्स्ट बेस इज अनऑक्युपाइड, ऑर, फर्स्ट बेस इज ऑक्युपाइड विथ टू आऊट!’’

जत्रेत हरवलेलं पोर कडेवर आल्यावर बापाचा होतो, तसा सरांचा चेहरा झाला होता.

‘‘अरे, हेच ते!’’ ते म्हणाले. ‘‘सहा वर्षं! सहा वर्षं मी विचार करतोय, की तर काय होतं? प्रल्हाद, अरे, तर तो पळतो!’’

कोठावळे सर दोन पावलं पुढे आले. मधे गवसणे आहेत हे विसरून गेले. ‘‘शिवा,’’ ते म्हणाले, ‘‘परत म्हण.’’

‘‘तू आधी चोपन्न म्हण.’’

एकानं चोपन्न म्हटलं, दुसऱ्यानं पंचावन्न. मग पुन्हा. तिसऱ्यांदा दोघांनी मिळून म्हटलं, आरतीसारखं. शेवटी कोठावळे सर रडायला लागले आणि हत्तरगे सर वरूनच त्यांच्या टकलावर थोपटायला लागले. इरण्णा आणि गणप्यानं सरांना खाली ठेवलं. ठेवलं म्हणजे सोडलं.

गवसण्यांनी तिसऱ्यांदा शिट्टी वाजवली. त्या दिवशीचा त्यांचा हा दुसरा निकाल. येडोळा विजयी, सात विरुद्ध सहा.

अण्णासाहेब हातात हार घेऊन मैदानात आले. ‘‘हत्तरगे, आपण जिंकलो का हरलो?’’

‘‘हरलो, साहेब.’’

‘‘आत्ता तर जिंकलो होतो.’’

‘‘होय. मग हरलो.’’

‘‘कशानं?’’

‘‘नियमानं.’’

‘‘आणि नियम सांगितला कुणी?’’

‘‘मी, साहेब,’’ सर म्हणाले. अजून त्यांच्या तोंडावरचा आनंद गेलेला नव्हता. ‘‘फार सुंदर नियम आहे.’’

अण्णासाहेबांनी हार बरोबरच्या माणसाकडे परत दिला. सहा वर्षांत कुठल्याही विषयावर त्यांनी इतका झटपट निर्णय घेतलेला कुणी पाहिला नव्हता. ‘‘जूनपासनं येऊ नका,’’ ते म्हणाले.

मला राहवलं नाही. मी पुढे झालो. ‘‘साहेब, सरांची चूक नाही. बॉल माझ्या हातनं सुटला. आणि ते पानही मीच लपवलं होतं. हे बघा.’’ मी छातीच्या पॅडमध्ये हात घातला.

अण्णासाहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘‘नाव काय तुझं?’’

‘‘गुंडाप्पा माळगे.’’

त्यांनी शेजारच्या माणसाला सांगून ते डायरीत लिहून घेतलं. मला वाटलं, कॉलेजातून नाव काढणार.

सर पिशवी उचलून निघाले. मी मागे मागे. पांढरा शर्ट तसाच पुठ्ठ्यात होता.

‘‘सर, हे पान.’’

‘‘ठेव तुझ्याकडंच,’’ ते म्हणाले. ‘‘माझं पाठ आहे. पण छातीवरनं काढ आधी, घामानं अक्षरं जातील.’’

आणि कोठावळे सरांच्या स्कूटरवर मागे बसून ते येडोळ्याला गेले. जूनपासून तिथं लागले, तासिका तत्त्वावर. दर एप्रिलमध्ये वारायचे ते आता येडोळ्यात वारायचे, एवढाच फरक.

मी बी.पी.एड. केलं. तिसऱ्या वर्षी आमच्याच कॉलेजची जाहिरात आली. क्रीडा शिक्षक, बेसबॉलला प्राधान्य, जागा कायम. मुलाखतीला एकशे दहा जण, त्यात राष्ट्रीय खेळलेले चार. माझा नंबर सर्वांत शेवटी लागला. अण्णासाहेबांनी डायरी उघडून बघितलं.

‘‘तूच ना तो? पान छातीत घालणारा?’’

‘‘होय साहेब. तेव्हा चूक झाली.’’

‘‘चूक?’’ अण्णासाहेब शेजारच्या तज्ज्ञांकडे बघून हसले. ‘‘अहो, खेळ काय, कुणीही शिकवतो. पान कुठं ठेवायचं ते कळणारा माणूस संस्थेला लागतो.’’

तीसेक वर्षं त्या खुर्चीवर मी बसलो. विद्यापीठाच्या टीमचा कोच झालो, दोन पोरं राष्ट्रीयला गेली, निरोप समारंभात माझ्या प्रामाणिकपणावर चार भाषणं झाली. मी नजर क्षितिजावर ठेवून ऐकली.

पण मला सांगायचं आहे ते ऑर्डर मिळाली त्या दिवसाचं. पेढे घेऊन मी येडोळ्याला गेलो होतो. हत्तरगे सर आणि कोठावळे सर मैदानाच्या कडेला बाकावर बसले होते. मधे ते पुस्तक. दोन्ही गठ्ठे एकत्र लावून, टाचून, वर खाकी कव्हर घातलेलं. चोपन्नच्या पुढे एक कोरा कागद लावून जागा ठेवलेली.

मी खिशातून पान काढून दिलं. घड्यांवर झिजलं होतं, कोपऱ्यातली दोन अक्षरं घामानं गेली होती. कोठावळे सरांनी डिंक शोधायला खोलीत धाव घेतली.

हत्तरगे सरांनी पेढा घेतला. ‘‘कसले रे?’’

‘‘नोकरीचे, सर. आपल्याच कॉलेजात. तुमच्या... त्या जागेवर.’’

‘‘तासिका?’’

‘‘कायम.’’

‘‘का घेतलं तुला?’’

मी सांगितलं. सगळं, अण्णासाहेबांच्या शब्दांत. त्यांनी विचारलं नसतं तर सांगितलं नसतं.

सरांनी पेढा तोंडात टाकला, हात झटकले, बाकावरून उठले, टाचा जुळवल्या आणि माझ्यासमोर सावधानमध्ये उभे राहिले. मान ताठ, नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे.

ती सलामी होती, चेष्टा होती, की पुढं काहीतरी होतं पण काय ते कुठल्या पानावर आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मीही टाचा जुळवल्या. कोठावळे सर डिंक घेऊन परत येईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो.